खांद्याचा उतार

फोन आला तेव्हा माझ्या कात्रीत कोटाचं कापड होतं, निम्मं कापलेलं. मालक बाहेर गेले होते म्हणून कात्री तशीच कापडात ठेवून मीच फोन घेतला. पलीकडच्या माणसानं आधी दुकानाचं नाव विचारलं. मग हा नंबर किती वर्षं आहे, ते विचारलं. मी म्हणालो, पहिल्यापासून हाच आहे. "म्हणजे शर्टाच्या कॉलरला आतून तुम्ही जी पट्टी लावता, तिच्यावर हाच नंबर असणार," तो म्हणाला. "पट्टी धुऊन धुऊन पांढरी झालीय. दोन आकडे दिसतच नव्हते. सहा दिवस लावून बघतोय एकेक." मग त्यानं आपण पोलीस चौकीतून बोलतोय असं सांगितलं आणि पुढचं सगळं एका दमात. एक माणूस बसच्या शेवटच्या सीटवर बसल्या बसल्या गेला होता. शेवटच्या थांब्यावर कंडक्टरनं उठवायला हात लावला तेव्हा कळलं. खिशात तिकिटाशिवाय काही नाही. एक बाई आली आहे, पण ती कायद्यानं त्याची कुणी लागत नाही. "पांढरा शर्ट आहे, बारीक निळी रेघ. खिशाला झाकण आहे आणि झाकणाचं बटण आतल्या बाजूला. काही आठवतंय का?"

दुकानातून महिन्याला शंभरेक शर्ट जातात. रेघेवरून काही आठवायचं कारण नव्हतं. पण आतलं बटण मी आयुष्यात एकदाच लावलं होतं. बाहेरून बटण दिसलं की खिसा डोळा मिचकावतोय असं वाटतं, हे धाकट्याचं म्हणणं. धाकटा म्हणजे माझा भाऊ. सोळा वर्षांपूर्वी तो घरातून गेला, तो हा शर्ट घालून.

भीती पोटात शिरते असं लोक म्हणतात. मला ती बोटांत जाणवली. फोन ठेवून परत टेबलाशी आलो आणि कात्रीच्या कडीत अंगठा जाईना. तीस वर्षं जी कडी माझ्या अंगठ्याच्या मापाची झालेली, ती दुसऱ्या कुणाची तरी असल्यासारखी वाटली. मग मी ती कापडातच सोडली. काज करणाऱ्याला म्हणालो, जरा जाऊन येतो. तो म्हणाला, "मास्तर, कोट आज ट्रायलला आहे." मी म्हणालो, हो, आणि रस्त्यावर आलो. तिथं मला पहिल्यांदा कळलं की पुढं काय करायचं ते मला माहीत नाही. अशा ठिकाणी जाताना बरोबर काय न्यायचं? फोटो न्यावा का? फोटो आईच्या कपाटात होता आणि कपाटाची किल्ली आईच्या उशाखाली. कुणाला सोबत न्यायचं असतं का? कापडाला हात घालण्याआधी काय करायचं ते मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. माप दोनदा घ्यायचं, खडूनं आखायचं, शिलाईला जागा सोडायची, उद्या गिऱ्हाईक जाड झालं तर उसवून सोडता यावं म्हणून आत थोडं जास्तीचं ठेवायचं. इथं कुणी काही आखून ठेवलेलं नव्हतं. बसमध्ये शेजारचा माणूस माझ्या छातीकडं बघतोय असं वाटलं म्हणून मी खाली बघितलं, तर गळ्यात टेप तशीच लोंबत होती. ती काढून खिशात घालायची, एवढंही सुचलं नाही. मी तिची दोन्ही टोकं मुठीत घट्ट धरून बसलो आणि बसच्या शेवटच्या सीटकडं मान वळवायची नाही असं ठरवलं.

धाकटा दुकानात बटणं लावायचा. हात हलका होता, पण बटणं लावण्यात त्याचं मन नव्हतं, त्याला कापायचं होतं. मी म्हणायचो, अजून दोन वर्षं थांब. एक दिवस मी जेवायला गेलो असताना त्यानं एका गिऱ्हाइकाच्या मखमली जाकिटाच्या बाह्या कापल्या. माप बरोबर घेतलं होतं, रेषाही सरळ होती, फक्त एका बाहीची लव उलट्या दिशेनं गेली होती. शिवून होईपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही. गिऱ्हाईक ट्रायलला आरशापुढं उभं राहिलं तेव्हा एक हात काळा दिसत होता आणि एक राखाडी, जसा तो हात दुसऱ्या माणसाचा असावा. दुकानात तिघे-चौघे होते. मी धाकट्याच्या तोंडात मारली. तो बावीस वर्षांचा होता. त्यानं गालाला हात लावला नाही, तो हसला. घाबरला की तो हसायचा, लहानपणापासून. हे मला माहीत होतं, तरी त्या क्षणी मला वाटलं की हा मला हसतोय, म्हणून मी आणखी एक मारली. रात्री तो नेहमीसारखा जेवला. सकाळी खुंटीवरचा नवा शर्ट घातला, आईला म्हणाला, येतो, आणि गेला. आईला मी मारल्याचं कधी सांगितलं नाही. आईनंही विचारलं नाही. तिनं त्याचा विषयच काढला नाही कधी, फक्त मला हाक मारताना अधूनमधून चुकायची, त्याचं नाव अर्धं तोंडात आलं की थांबायची आणि माझं नाव घ्यायची. सोळा वर्षं आम्ही दोघं त्या अर्ध्या नावाबरोबर राहिलो. माझं लग्न राहून गेलं. का, ते आता सांगता येणार नाही.

चौकीतल्या हवालदारानं मला दवाखान्याच्या मागच्या इमारतीत नेलं. बाहेर बाकावर एक बाई बसली होती, चाळिशीची, हाताची बोटं पाण्यात राहून राहून सुरकुतलेली. आम्हाला बघून ती उठली. हवालदार तिला म्हणाला, "बसा, बसा, आधी हे बघून येऊ देत." आत थंड होतं आणि फिनेलचा वास होता. तिथल्या माणसानं रेडिओचा आवाज कमी केला, बंद केला नाही. म्हणाला, "आधी कपडे बघता की तोंड?"

"आधी काय बघतात?" मी विचारलं.

"ज्याची त्याची पद्धत," तो म्हणाला. मग बहुधा माझी दया येऊन, "कपडे बघा."

शर्ट कागदाच्या पिशवीत होता. मी तो उलटा केला. आतली शिलाई माझी होती. उजवा खांदा डाव्यापेक्षा पाव इंच खाली उतरवलेला होता, कारण धाकट्याचा उजवा खांदा तेवढा खाली होता. हे त्याला स्वतःला माहीत नव्हतं, आईलाही नव्हतं, जगात फक्त मला माहीत होतं. हजार शर्टांत मी तो डोळे मिटून काढला असता. मी म्हणालो, "हा माझ्या भावाचा आहे." हवालदार लिहायला लागला तसा मी घाईनं म्हणालो, "शर्ट. शर्ट त्याचा आहे." हवालदारानं पेन वर उचललं आणि माझ्याकडं बघितलं. मग त्या माणसानं चादर खाली केली.

मला वाटलं होतं की रक्तच सांगेल. इतकी वर्षं मी मनात धरून होतो की तो गर्दीत पाठमोरा दिसला तरी माझे पाय आपोआप त्याच्या मागं जातील. मी उभा राहून वाट बघितली आणि आत काहीही हललं नाही. दाढी होती, अर्धी पिकलेली. कपाळ वरपर्यंत मोकळं झालेलं. पुढचे दोन दात नव्हते, त्यामुळं ओठ आत गेलेले. माणूस पन्नाशीचा दिसत होता, आणि धाकटा आज अडतीसचा असता. पण अडतीसचा माणूस हालअपेष्टांनी पन्नाशीचा दिसू शकतो, हेही मला कळत होतं. मी बावीस वर्षांचं तोंड आठवून त्याच्यावर ठेवायला लागलो तर ते आठवेना. सोळा वर्षं रोज आठवल्यामुळं ते झिजून गेलं असावं. एकदा तो वडिलांसारखा वाटला. मग सकाळच्या बसच्या कंडक्टरसारखा. मग मी मान जरा तिरकी केली आणि दाढी करताना आरशात जसा मी दिसतो तसा दिसला, आणि मी टेबलाची कड धरली. ती कड बर्फासारखी होती. मी खांद्यांकडं बघितलं. माझ्याजवळ तेवढीच खूण होती. पण आडव्या माणसाचे खांदे सारखेच असतात. उतार दिसायला माणूस उभा पाहिजे, निदान बसलेला तरी, हात सैल सोडून.

"जरा बसवता येईल का?" मी विचारलं.

तो माणूस माझ्याकडं बघत राहिला. "आता नाही बसत ते," तो हळू म्हणाला.

मग मी गळ्यातली टेप काढली. मी काय करतोय ते मला कळत होतं आणि थांबवता येत नव्हतं. खांद्याच्या टोकापासून मनगटापर्यंत माप घेतलं आणि मग शर्टाच्या बाहीचं. बाही इंचभर आखूड होती. जुनं कापड आटतं, आडव्या हाताचं माप जास्तीचंही येतं, नाही तर हा हात त्याचा नाहीच. मापाची जुनी पुस्तकं मालकांनी कधीच रद्दीत घातली होती. "अंगावर काही खूण? तीळ, डाग, भाजल्याचा व्रण?" हवालदारानं विचारलं. हे आईला ठाऊक असणार. मी म्हणालो, एक फोन करतो.

आईनं दुसऱ्या घंटेलाच उचलला. "काय रे, या वेळेला?" तिच्या मागं भांड्यात पाणी पडल्याचा आवाज येत होता. मी तोंड उघडलं. धाकट्याला कुठं खूण होती का गं, एवढं वाक्य. ते म्हटलं की सोळा वर्षांनी त्याचा विषय पहिल्यांदा निघणार आणि तो असा निघणार. "जेवलीस का?" मी विचारलं. मी दुकानातून असलं काही विचारायला कधी फोन केला नव्हता. "काय झालंय?" ती म्हणाली. मी म्हणालो, काही नाही, आणि फोन ठेवला.

बाहेर ती बाई बाकाच्या टोकाला सरकली. मी बसलो. तिनं माझ्याकडं बघितलं नाही, समोरच्या भिंतीकडं बघत म्हणाली, "तुमचाच भाऊ आहे ना?"

"तुम्हाला काय सांगायचा तो?"

"म्हणायचा, माझ्या मागं कुणी नाही. नाव विचारलं तर म्हणायचा, तू ठेवशील ते. मी म्हणायचे, झाडाला लागला होतास का? तर हसायचा."

"हसायचा?"

"भ्यायला की हसायचा. मला आधी राग यायचा. मग कळलं."

मला वाटलं, झालं. पण मन तेवढ्यावर थांबेना, ते पुढं जाऊन आपलंच आपण उसवायला लागलं. घाबरून हसणारी माणसं काय थोडी असतात? मी तिला शर्टाचं विचारलं. ती म्हणाली, पाच वर्षांपूर्वी भेटला तेव्हाही हाच अंगावर होता. रोज नाही घालायचा, कुठं जायचं असलं की. तिनं नवीन घेऊन देते म्हटलं तर म्हणायचा, हा कुणीतरी मला बघून कापलाय. मी टेपचं टोक बोटाला गुंडाळत होतो, बोट पांढरं पडलं होतं. मग ती आपणहून बोलत राहिली. ती धुलाईच्या कारखान्यात होती, तो तिथंच गाडीवर माल चढवायचा. पोहायला फार आवडायचं त्याला. सुट्टीच्या दिवशी तलावावर घेऊन जायचा आणि तिला काठावर बसवून पलीकडं जाऊन यायचा.

"पोहायला कुठं शिकला?" मी विचारलं.

"लहानपणी. गावच्या नदीत."

आम्हाला गाव नव्हतं, नदी नव्हती. आम्ही दोघं याच शहरात दोन खोल्यांत वाढलो आणि धाकटा अंघोळीच्या बादलीत डोकं घालायला घाबरायचा. शर्ट जुन्या कपड्यांच्या ढिगातून घेता येतो. तो अंगाला बरोबर बसला तर बघून कापलाय, अशी चेष्टाही करता येते. नाही तर नदीच त्यानं मनानं रचली असेल, घर पुसून टाकायचं म्हणून. नदी खरी असली तर हा धाकटा नव्हता, आणि मला दुकानात जाऊन कोट कापायचा होता. आणि रचलेली असली तर ती माझ्यामुळं रचलेली होती.

"आज सहावा दिवस," ती म्हणाली. "उद्या सात झाले की ते बेवारस म्हणून त्यांच्या पद्धतीनं करतात. नंबर घालतात. मी विचारलं, मी केलं तर? म्हणाले, तुम्ही कोण? मी म्हटलं, त्याचे कपडे धुणारी, त्याचं जेवण करणारी." ती थांबली. "मला नंबर नको आहे हो."

हवालदार कागद घेऊन आला. त्यानं सांगितलं की रक्ताची तपासणी करता येते, पण अहवालाला दोन-तीन महिने, आणि इथं तोवर जागा नाही. ती बाई हळूच उठून लांब खिडकीशी जाऊन उभी राहिली. माझ्यावर दडपण नको म्हणून असावं. हवालदार माझ्या शेजारी बसला, कागद मांडीवर ठेवून. मग तो खाली वाकून म्हणाला, "मास्तर, तुम्ही त्यातले म्हणून विचारतो. ही पॅन्ट बसलं की गुडघ्यात ओढते बघा. शिंपी म्हणतो, माझे पायच तसे आहेत." मी बघितलं. म्हणालो, मागची बाजू वर कमी पडलीय, उसवून अर्धा इंच सोडायला सांगा. माझा आवाज नेहमीसारखा होता, दुकानातला. तेवढ्या वाक्यापुरती भीती कुठं गेली होती कोण जाणे. वाक्य संपलं आणि ती परत आली. "खात्री आहे ना?" त्यानं विचारलं. "एकदा लिहिलं की फिरवता येत नाही." मी खिडकीकडं बघितलं. ती बाई काचेवर बोटानं काहीतरी पुसत होती, काचेवर काही नव्हतं. मी मृताचं नाव म्हणून धाकट्याचं पूर्ण नाव लिहिलं. नात्याच्या जागी लिहिलं, भाऊ. अक्षर सरळ आलं.

सही करेपर्यंत मला भीती वाटत होती की तो धाकटा असेल. सही केल्यावर वाटायला लागली की तो धाकटा नसेल. कुठंतरी दुसऱ्या शहरात, दुसऱ्या शर्टात तो असेल, आणि मी आत्ता निळ्या शाईनं त्याला संपवलं. सोळा वर्षं घंटी वाजली की वाटायचं, तोच असेल. आता घंटी वाजली की काय वाटेल, ते मला तिथं उभ्या उभ्या जाणवलं. हवालदार म्हणाला, उद्या सकाळी दहाला ताब्यात देतील, दोघंही या. तिनं माझ्यासमोर येऊन हात जोडले नाहीत की रडलीही नाही. फक्त म्हणाली, "आता?" पुढचं मलाही माहीत नव्हतं. मी म्हणालो, "घरी आई आहे." ती म्हणाली, "चला."

बसमध्ये ती एकदाच बोलली. "मला विचारलं तर जे आहे ते सांगेन. खोटं बोलायला गेले की माझी जीभ अडखळते." मी मान हलवली. तीन-साडेतीनचं ऊन रिकाम्या सीटांवर पडलं होतं. मी घरी जाऊन म्हणायचं वाक्य जुळवत होतो. धाकट्याचा निरोप आलाय, असं म्हणावं. की धाकटा आजारी होता, असं सुरू करावं. प्रत्येक वाक्य अर्ध्यावर येऊन थांबत होतं, आई हाक मारताना थांबायची तसं. एकदा मला वाटलं की पुढच्या थांब्यावर उतरावं, या बाईला बसमध्ये तसंच ठेवावं आणि दुकानात जाऊन कोट पुरा करावा. थांबा आला आणि गेला.

आईनं दार उघडलं. माझ्याकडं बघितलं, मग माझ्या मागं. सकाळच्या फोनपासून ती काहीतरी गृहीत धरून बसली असावी, कारण तिनं कोण आलंय ते विचारलंच नाही. मी म्हणालो, "आई, धाकटा," आणि पुढं काही येईना. आई आत जाऊन पलंगावर बसली. चष्मा काढून पदरानं पुसला आणि परत घातला. मग त्या बाईला म्हणाली, "कसा गेला?"

"बसमध्ये. बसल्या बसल्या. त्रास नाही झाला म्हणाले."

"खिडकीशी होता का?"

"हो."

आईनं मान डोलावली, जणू तेवढं तरी नीट झालं. मग ती एकेक विचारायला लागली, घाई न करता. दमा परत उठला होता का? झोप लागायची का? कामावर कुणी त्रास द्यायचं का? ती बाई उत्तरं देत होती, दोन-तीन शब्दांत, जे आहे ते. मी दाराशी उभा होतो. प्रत्येक प्रश्नाला माझी बोटं बधिर व्हायची आणि उत्तर बरं निघालं की सुटायची. दम्याचं तिला माहीत नव्हतं. ती म्हणाली, खोकायचा थंडीत. आई म्हणाली, हं.

"दूध घ्यायचा का?"

"घ्यायचा की. साय आधी बोटानं काढून खायचा, मग दूध. माझ्याही कपातली घ्यायचा."

धाकट्याला साय दिसली तरी ओकारी यायची. तो गेला त्या सकाळपर्यंत आईनं त्याचं दूध फडक्यातून दोनदा गाळून दिलं होतं, बावीस वर्षं, एकही दिवस न चुकता. आईनं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. मापाच्या वेळी मी गिऱ्हाइकाकडं बघतो तसं, कुठून किती ते ठरवत. मी थांबलो. आता ती विचारेल की तू नीट बघितलंस का, आणि मला सांगावं लागेल, आडव्या खांद्यांचं, आखूड बाहीचं, नदीचं, आणि मग मागं मागं जात त्या थपडांचं. ती बाई आम्हा दोघांकडं आळीपाळीनं बघत होती. आपण काहीतरी चुकीचं बोललो हे तिला कळलं होतं, काय ते कळलं नव्हतं. तिनं मांडीवरची पिशवी उचलली, उठायच्या बेतात.

आईनं पलंगावर स्वतःच्या शेजारची जागा हातानं साफ केली. तिथं काही नव्हतं.

"अशी इकडं ये," ती म्हणाली, "मला त्या कानानं कमी ऐकू येतं. आणखी सांग त्याचं."